नसलेलं तळघर: भ्रम कुठला आणि कटकथा कुठली?

4 डिसेंबर 2016, रविवारची दुपार. वॉशिंग्टन शहरातल्या 'कॉमेट पिंग पाँग' या पिझ्झाच्या हॉटेलात 28 वर्षांचा एक माणूस रायफल घेऊन शिरला. नॉर्थ कॅरोलायनातल्या आपल्या गावाहून तो कित्येक तास गाडी चालवत आला होता. या हॉटेलात लहान मुलं डांबून ठेवली आहेत आणि त्यामागे बडे राजकारणी आहेत, असं त्यानं इंटरनेटवर वाचलं होतं. मुलांना सोडवायचं म्हणून तो आला होता. गिऱ्हाइकं जीव घेऊन पळाली. त्यानं सगळं हॉटेल धुंडाळलं, एका बंद दारावर गोळ्या झाडल्या. आत संगणकाचं सामान निघालं. मुलं नव्हतीच. ज्या तळघराच्या इंटरनेटवर एवढ्या गप्पा चालल्या होत्या, ते तळघरही त्या इमारतीत नव्हतं.

मग त्यानं रायफल खाली ठेवली आणि हात वर करून तो बाहेर आला. दोन-तीन दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहराला तो म्हणाला, की मिळालेली माहिती काही शंभर टक्के पक्की नव्हती.

या एका वाक्यावर मानसोपचारतज्ज्ञ थबकतो. भ्रमाच्या आजारात सापडलेला माणूस सहसा असं बोलत नाही. मुलं सापडली नाहीत तर तो म्हणेल, मी येणार हे त्यांना आधीच कळलं, रात्रीच मुलं हलवली. तळघर नाही? म्हणजे बुजवलं. पुरावा नसणं हाच त्याला सर्वांत मोठा पुरावा वाटतो. हॉटेलात शिरलेल्या त्या माणसानं मूळ गोष्ट पूर्णपणे सोडून दिली नव्हती हे खरं. 'त्या इमारतीत तरी' मुलं नव्हती, एवढंच त्यानं कबूल केलं. पण डोळ्यांनी जे पाहिलं त्यापुढे तो निदान एक पाऊल मागे सरला. त्यानं गुन्हा कबूल केला आणि 2017 साली त्याला 4 वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीश होत्या केतांजी ब्राउन जॅक्सन, ज्या आज अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आहेत.

आता प्रश्न असा, की चुकीच्या समजुतीपायी कोणी हातात शस्त्र घेतलं, तर ती समजूत आजारातून आली की बाजारातून, म्हणजे लोकांत फिरणाऱ्या कटकथेतून (कॉन्स्पिरसी थिअरीतून), हे ठरवायचं कसं? न्यायवैद्यक मानसोपचार, म्हणजे फॉरेन्सिक सायकियाट्री, या शाखेपुढचा हा जुना आणि अवघड पेच आहे. त्याच्या उत्तरावर एखादा माणूस तुरुंगात जाणार की मनोरुग्णालयात, हे अवलंबून असतं.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. मराठीत 'भास' आणि 'भ्रम' जोडीनं येतात, त्यामुळे त्यांची सरमिसळ होते. खोलीत कोणी नसताना आवाज ऐकू येणं हा भास. घरचे लोक जेवणात विष कालवतात, ही कशानंही न हलणारी समजूत म्हणजे भ्रम. भास इंद्रियांचा, भ्रम समजुतीचा. वेदान्तातला दोरीवर दिसणारा साप हा तिसराच प्रकार. तिथे दोरी असते, अंधार असतो, आणि दिवा लावला की साप जातो. भ्रमातला साप दिवा लावल्यानं जात नाही. दिवा कोणी लावला आणि नेमका आत्ताच का लावला, यावरच संशय सुरू होतो.

जर्मन मानसोपचारतज्ज्ञ कार्ल यास्पर्स यांनी 1913 साली भ्रमाच्या तीन खुणा सांगितल्या: अढळ खात्री, अनुभवानं किंवा तर्कानं न बदलणं, आणि आशय अशक्य कोटीतला असणं. वाचायला सोपं वाटतं. पण पहिल्या दोन खुणा घेऊन चहाच्या टपरीवर बसा, निवडणुकीच्या दिवसांत. निम्मी टपरी भ्रमिष्ट ठरेल. आणि तिसरी खूणही दगा देते. बायकोचं बाहेर काही चालू आहे असा संशय अशक्य कोटीतला थोडाच आहे? यास्पर्स यांनी स्वतःच नोंदवलं आहे, की बायकोचं बाहेर खरोखर काही असलं, तरीही नवऱ्याचा संशय हा भ्रम असू शकतो. निष्कर्ष बरोबर निघाला म्हणून तिथपर्यंतची वाट शहाणी ठरत नाही. 'आज तिनं हिरवी साडी नेसली, म्हणजे त्याला खूण केली,' अशा वाटेनं जो तिथे पोचतो, त्याची वाट आजारी आहे.

माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे. समजूत किती विचित्र आहे, हे पाहत बसलं की फसायला होतं. ती कुठून आली, कोणाभोवती फिरते आणि तिच्यासोबत आणखी काय काय बदललं, हे पाहावं लागतं.

एक उदाहरण रचून पाहू. 2020च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये मोबाईलचे अनेक टॉवर लोकांनी जाळले, कारण 5जीमुळे करोना पसरतो अशी आवई उठली होती. आपल्याकडे तर 5जीच्या चाचण्या सुरूही झाल्या नव्हत्या, तरी मे 2021मध्ये दूरसंचार विभागाला निवेदन काढून या आवईत तथ्य नाही असं सांगावं लागलं. आता समजा, एकाच सोसायटीतली दोन माणसं टॉवरविरुद्ध बोलत आहेत. पहिले काका व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले व्हिडिओ पुढे पाठवतात, सोसायटीच्या सभेत तावातावानं भांडतात, सह्यांची मोहीम काढतात. टॉवर सगळ्यांनाच मारणार आहे, असं त्यांचं म्हणणं. घरी येऊन ते नीट जेवतात, नातवाला बागेत नेतात, बँकेचे व्यवहार चोख करतात. दुसरे काका सभेला येत नाहीत. टॉवर त्यांच्या खिडकीसमोर बसवला, कारण तो त्यांच्यासाठीच बसवला आहे. त्यातून त्यांचे विचार वाचले जातात. मुलीचं लग्न मोडलं ते त्यामुळेच. त्यांना हे कोणी सांगितलं नाही, कुठे वाचलं नाही. एका संध्याकाळी टॉवरवरचा लाल दिवा दोनदा लुकलुकला आणि त्यांना 'कळलं'. पहिल्या काकांच्या मोहिमेत ते सामील होत नाहीत, कारण पहिले काकाही त्यातलेच आहेत. गेले सहा महिने त्यांची झोप गेली आहे, अंघोळ सुटली आहे, नोकरी सुटली आहे.

दोघांचाही शत्रू एकच, टॉवर. तरी पहिल्या काकांना सोसायटीच्या सचिवानं तोंड द्यायचं, आणि दुसऱ्यांना डॉक्टरकडे न्यायचं.

रोलांड इमहॉफ आणि पिया लॅम्बर्टी या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी 2018 साली हाच फरक अभ्यासातून मांडला. त्याचं सार मराठीत एका ओळीत बसतं. संशयाच्या आजारात 'सगळे माझ्या मागे लागलेत', आणि कटकथेत 'मूठभर लोक आपल्या सगळ्यांच्या मागे लागलेत'. कटकथेचा शत्रू ताकदवान आणि लांबचा असतो: सरकार, अब्जाधीश, औषध कंपन्या. भ्रमातला शत्रू वरच्या मजल्यावर राहतो, दुधाची पिशवी टाकतो, कधीकधी शेजारीच झोपतो. कटकथेवर विश्वास ठेवणाऱ्याला श्रोते हवे असतात, टोळी हवी असते, आपण इतरांआधी जागे झालो याची एक गंमतही त्यात असते. भ्रम झालेल्याला बहुतेक वेळा यातलं काहीच मिळत नाही. तो एकटा पडत जातो.

आणि प्रमाणाचं म्हणाल तर दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जवळपास निम्मे लोक एखाद्या तरी कटकथेला मान डोलावणारे निघाले. स्किझोफ्रेनिया, म्हणजे ज्यात भास आणि भ्रम होतात तो गंभीर मानसिक आजार, जगात साधारण 300 माणसांमागे एकाला असतो. म्हणजे कटकथा मानणं हेच आजाराचं लक्षण धरलं, तर निम्म्या देशाला गोळ्या सुरू कराव्या लागतील.

एवढं वाचून हे प्रकरण सोपं वाटत असेल, तर आता नॉर्वेकडे वळू.

22 जुलै 2011 रोजी आंदेर्श बेहरिंग ब्रेविक यानं ओस्लोत सरकारी इमारतींसमोर बॉम्ब उडवला. त्यात 8 माणसं मेली. मग पोलिसाच्या वेशात तो उतोया बेटावर गेला. तिथे मजूर पक्षाच्या युवा शाखेचं शिबिर भरलं होतं. त्यानं 69 जणांना मारलं, त्यांत बहुतेक कोवळी मुलं-मुली. हल्ल्याआधी त्यानं दीड हजारांहून जास्त पानांचा जाहीरनामा ईमेलनं पाठवला होता. युरोपातले राज्यकर्ते मुसलमानांशी संगनमत करून खंड विकायला निघाले आहेत, आपण 'नाईट्स टेम्पलर' नावाच्या गुप्त संघटनेचे सेनानी आहोत, आणि आपण सुरू केलेलं युद्ध 2083 साली संपेल, असा एकूण मजकूर.

न्यायालयानं दोन मानसोपचारतज्ज्ञ नेमले. त्यांनी त्याच्याशी तासन्‌तास बोलून 243 पानांचा अहवाल दिला: पॅरानॉइड, म्हणजे संशयाच्या भ्रमांचा, स्किझोफ्रेनिया. कोणी जगायचं, कोणी मरायचं हे ठरवायचा अधिकार आपल्याला आहे, असं त्याला वाटतं. देशाचा भावी राज्यकर्ता म्हणून तो स्वतःकडे पाहतो. अस्तित्वातच नसलेल्या संघटनेविषयी बोलतो. आणि स्वतः घडवलेले विचित्र शब्द वापरतो. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण स्वतःची शब्दसृष्टी उभी करणं हे स्किझोफ्रेनियाचं एक ओळखीचं लक्षण आहे. अहवाल तपासणाऱ्या सरकारी मंडळानंही त्यावर मोठा आक्षेप घेतला नाही.

देशभर गदारोळ उठला. त्यातला सर्वांत नेमका आक्षेप मानसोपचाराबाहेरच्या माणसांकडून आला. अतिउजव्या गटांचा अभ्यास करणारे म्हणाले, अहो, हे शब्द त्यानं घडवलेलेच नाहीत! इंटरनेटवरच्या त्या अंधाऱ्या कोपऱ्यांत हे शब्द, ही सगळी मांडणी, वर्षानुवर्षं रोज वापरली जाते. जाहीरनाम्याचा मोठा भाग तर इतरांच्या लेखनातून जसाच्या तसा उचललेला होता. डॉक्टरांना ते शब्द नवे होते, कारण ते त्या गल्लीत कधी गेले नव्हते. विदर्भातल्या झाडीबोलीत कोणी बोललं आणि पुण्याच्या डॉक्टरनं 'रुग्ण अर्थहीन शब्द वापरतो' असं लिहिलं, तर कसं होईल, तसं काहीसं.

न्यायालयानं दुसरी जोडी नेमली. तुरुंगात काही आठवडे चोवीस तास त्याच्यावर नजर ठेवली गेली. एप्रिल 2012मध्ये खटला सुरू व्हायच्या तोंडावर दुसरा अहवाल आला: मनोविकाराची, म्हणजे सायकोसिसची, लक्षणं नाहीत, आत्मप्रौढीचा व्यक्तिमत्त्वदोष आहे. एकच माणूस, तेच गुन्हे, तेच कागद, आणि दोन सरकारी अहवाल एकमेकांच्या पूर्ण उलट.

मग न्यायालयात जे घडलं ते कुठल्याही खटल्यात उलटं वाटावं असं होतं. सरकारी वकील म्हणत होते याला रुग्णालयात पाठवा, आणि आरोपी म्हणत होता मी शहाणा आहे, मला शिक्षा द्या. वेडा ठरणं त्याला मरणापेक्षा वाईट वाटत होतं, कारण मग त्याच्या 'विचारां'ना काही किंमतच उरली नसती. त्याच्या वकिलांनी अतिउजव्या वर्तुळातली माणसं साक्षीला आणली, ती कशासाठी, तर हे विचार एकट्याचे नाहीत एवढंच दाखवायला. टेम्पलर संघटनेविषयी उलटतपासणीत रेटलं तेव्हा ब्रेविक मागे सरकला. आपण जरा भपकेबाज लिहिलं, असं त्यानं मान्य केलं. सेनानी, गणवेश, पदकं हे सगळं फुगवून सांगितलेलं होतं. पिझ्झाच्या हॉटेलातल्या माणसाची इथे आठवण होते. बढाई मारणाऱ्याला आपण बढाई मारतोय हे कुठेतरी ठाऊक असतं. भ्रमात असलेल्याला ते ठाऊक नसतं.

24 ऑगस्ट 2012 रोजी पाचही न्यायाधीशांनी एकमतानं त्याला शुद्धीवर असलेला गुन्हेगार ठरवलं. 21 वर्षांची स्थानबद्धता. धोका कायम राहिला तर मुदत वाढवता येईल अशी. नॉर्वेचा तेव्हाचा कायदाही लक्षात ठेवण्यासारखा होता. कृत्याच्या वेळी माणूस सायकोटिक होता एवढं सिद्ध झालं की शिक्षा नाही. आजारामुळेच गुन्हा घडला का, हा प्रश्न तिथे विचारतच नसत. त्यामुळे सगळा भार डॉक्टरांच्या एका शब्दावर पडला. या खटल्यानंतर पुष्कळ चर्चा होऊन 2020 साली तिथला कायदा बदलला.

ब्रेविकला आजार नव्हता, तर मग काय होतं? तो साधा मतभेद तर नव्हता. इथे एक जुनी संज्ञा कामाला येते. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी 1892 साली 'ओव्हरव्हॅल्यूड आयडिया'ची कल्पना मांडली. मराठीत तिला 'खूळ' हा शब्द मला चपखल वाटतो. खूळ आणि वेड यांत आपली भाषा पूर्वीपासून फरक करत आली आहे. खूळ डोक्यात शिरतं, बहुतेकदा दुसऱ्याच्या डोक्यातून. ते माणसाला समजू शकतं, पटू शकतं, त्याची लागण होते. त्याच्यापायी माणूस घरदार विकतो, उपाशी मरतो, जीव घेतो. पण त्याच्या विचारांची यंत्रणा मोडलेली नसते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ताहिर रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेर्निकेंचा हा धागा उचलून 2016च्या सुमारास 'टोकाचं खूळ' अशी मांडणी केली, आणि ब्रेविकचं उदाहरण घेऊनच केली. त्यांच्या मते अशी समजूत त्या माणसाच्या गटात इतरांनाही मान्य असते. तो ती चवीनं बाळगतो, तिची तरफदारी करतो. काळाबरोबर ती जास्त घट्ट आणि जास्त सोपी होत जाते, आणि शेवटी कृतीला भाग पाडते.

'चवीनं' हा शब्द मला मोलाचा वाटतो. भ्रम झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर बहुधा भीती असते, खूळ असलेल्याच्या चेहऱ्यावर तेज.

अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेच्या 1994च्या निदान-पुस्तिकेत भ्रमाच्या व्याख्येलाच एक अट जोडलेली होती: त्या माणसाच्या संस्कृतीत किंवा उपसंस्कृतीत इतरांना जी समजूत सर्वसाधारणपणे मान्य असते, ती भ्रम धरायची नाही. ही अट आपल्याला नवी वाटायचं कारण नाही. लातूरकडच्या खेड्यातली बाई म्हणाली, की भावकीनं भानामती केली म्हणून अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठल्या, तर तिथला डॉक्टर लगेच स्किझोफ्रेनिया लिहीत नाही. तो आधी सोबत आलेल्या सासूला विचारतो. सासू म्हणाली, 'हो, आमच्याकडं असं होतं,' तर तो रूढ समज. सासूच म्हणाली, 'डॉक्टर, करणी वगैरे आम्ही पण मानतो, पण ही म्हणते ते काही खरं नाही. ही भिंतीशी बोलती,' तर मात्र वही उघडायची. गावातला माणूस आपल्या गावाचं खूळ आणि गावाबाहेरचं वेड बरोबर ओळखतो. आणि करणीच्या संशयावरून कोणी कोणाला मारहाण केली, तर 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हाच. समजूत सगळ्या गावाची असली म्हणून सूट मिळत नाही.

हीच गोष्ट राईनपाड्याला दिसली. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं गाव, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश मोबाईलवर कित्येक दिवस फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षेसाठी तिथे आली होती. जमावानं त्यांना टोळी समजून ठेचून मारलं. त्या जमावाला भ्रमाचा आजार झाला होता असं कोणी म्हणणार नाही. एका माणसाचा स्किझोफ्रेनिया शेकडो लोकांत एका दुपारी पसरत नाही, अफवा पसरते. एकाचा भ्रम दुसऱ्यानं उचलल्याची उदाहरणं आहेत. फ्रेंच डॉक्टर लासेग आणि फाल्रे यांनी 1877 साली त्यांचं वर्णन केलं आहे. पण ती बहुतेक एका छपराखाली, जगापासून तुटून राहणाऱ्या दोघा-तिघांत घडतात. दोघांना वेगळं केलं, की दुसऱ्याचा भ्रम पुष्कळदा ओसरतो.

पूर्वी डॉक्टर सासूला विचारायचा. आता सासूच्या जागी इंटरनेट आहे, आणि तिथे प्रत्येक समजुतीला हो म्हणणारी सासू सापडते. 'उपसंस्कृती' म्हणजे नेमकी किती माणसं? दहा हजार सदस्यांचा गट ही संस्कृती झाली का? आपल्यावर अदृश्य किरण सोडले जातात असं मानणाऱ्यांचेही गट आहेत, आणि त्यांतल्या काहींना खरोखर उपचारांची गरज असते. गटात असणं हा आजार नसल्याचा दाखला नव्हे.

उलट बाजूनं, आजारही कटकथेचे कपडे घालून येतो. भ्रमाला आशय लागतो, आणि तो काळाच्या बाजारातूनच उचलतो. लंडनच्या बेथलेम वेड्यांच्या इस्पितळात जेम्स टिली मॅथ्यूज नावाचा एक चहाचा व्यापारी होता. 1810 साली त्याच्यावर पुस्तक निघालं. एक टोळी तळघरात 'हवेचा माग' चालवून वायूंनी आपल्या मेंदूत विचार विणते, असं त्याचं म्हणणं. वायूंचा शोध आणि यंत्रमाग, दोन्ही त्या काळातली नवलाई. पुढे तारायंत्र आलं, रेडिओ आला, उपग्रह आला, आणि भ्रमातली यंत्रंही बदलत गेली. आज क्यूअ‍ॅनॉन आहे: बड्या लोकांची एक गुप्त टोळी मुलांचा छळ करते आणि ट्रम्प तिच्याशी लढताहेत, ही अमेरिकेतली कटकथा. मार्च 2019मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर फ्रँक कॅली हा माफियाचा म्होरक्या त्याच्या घरासमोर मारला गेला. पकडलेल्या 24 वर्षांच्या तरुणानं न्यायालयात तळहातावर 'क्यू' लिहून आणला होता. लाखो लोक जी कटकथा मानतात तीच त्याचीही. पण त्याच्या वकिलांच्या म्हणण्यानुसार, खुद्द राष्ट्राध्यक्ष आपल्या पाठीशी आहेत, आपल्याला त्यांचं संरक्षण आहे, अशी त्याची खात्री झाली होती. कथा सार्वजनिक, पण तिच्या मध्यभागी 'मी' येऊन बसला. 2020 साली न्यायालयानं त्याला खटल्याला तोंड देण्यास मानसिकदृष्ट्या असमर्थ ठरवलं.

तिसरी शक्यताही डॉक्टरला विसरता येत नाही: कट खरा असतो. 1972 साली वॉटरगेटच्या, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घुसखोरीच्या प्रकरणाच्या, सुमारास अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या माजी अ‍ॅटर्नी जनरलची (तिथल्या न्याय खात्याच्या प्रमुखाची) बायको मार्था मिचेल सांगत होती, की वरच्या पातळीवर काळे धंदे चालले आहेत, आणि मला कॅलिफोर्नियात हॉटेलच्या खोलीत कोंडून सुई टोचून झोपवलं. बाई दारू पितात, डोकं फिरलंय, असं पसरवलं गेलं. नंतर सगळं खरं निघालं. म्हणून खरी तक्रार भ्रम समजून झटकण्याच्या चुकीला मानसशास्त्रात आजही तिचंच नाव आहे. आपल्याकडे भावांनी सातबारा परस्पर फिरवला म्हणून ओरडणाऱ्या बाईला वेडी ठरवणं किती सोपं आहे, हे वेगळं सांगायला नको.

तर तपासणारा करतो काय? येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी या आपल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत किंवा गोव्यात बांबोळीच्या संस्थेत न्यायालयाकडून आलेल्या माणसाला काही दिवस ठेवून घेतात, ते केवळ मुलाखतीसाठी नाही. तो झोपतो कसा, जेवतो कसा, कोणी पाहत नसताना काय करतो, हे परिचारिका आणि वॉर्डातले कर्मचारी जास्त पाहतात. सोंग असेल तर ते दिवसपाळीत टिकतं, रात्रपाळीत सुटतं. 'तुम्हाला हे खरं वाटतं का?' या प्रश्नाला फारसा अर्थ नसतो. 'हे तुम्हाला पहिल्यांदा कधी आणि कसं कळलं?', 'तुम्हीच का?', 'यात तुमची चूक होत असेल असं कधी वाटलं का?', 'हे आणखी कोणाला माहीत आहे?' या प्रश्नांच्या उत्तरांत बरंच काही बाहेर येतं. आणि आता मोबाईलही वाचावा लागतो. समजूत आधी आली आणि मग तो गटात गेला, की गटात गेल्यावर समजूत आली, हा क्रम तिथे तारीख-वेळेसह सापडू शकतो.

हे सगळं करूनही डॉक्टरचं उत्तर हे न्यायालयाचं उत्तर नसतं. आपल्या कायद्यात भ्रम हा शब्द नाही. जुन्या दंडसंहितेचं कलम 84 आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम 22 एवढंच विचारतं, की मनोविकलतेमुळे हा माणूस त्या क्षणी आपण काय करतो आहोत हे, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे, जाणण्यास असमर्थ होता का? भ्रम असूनही हे दोन्ही कळणारा माणूस दोषी ठरू शकतो, आणि ठरतोही. सिद्ध करायचा भारही आरोपीवर, जरी फौजदारी पुराव्याइतका कडक नाही.

महाराष्ट्रातलं एक प्रकरण 2002 साली सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. 1994 साली एका पोलीस शिपायानं घरातल्या वाटण्याच्या दगडानं बायकोला मारलं. त्यानं पोलिसातली नोकरी सोडायला तिचा विरोध होता, एवढंच कारण. न्यायालयानं काय पाहिलं? वडिलांनाही मानसिक आजार होता. 1992 सालीच त्याला पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं निदान झालं होतं. घटनेनंतर जून ते डिसेंबर या काळात त्याला 25 वेळा रुग्णालयात न्यावं लागलं. दिवसाउजेडी हे केलं, आणि लपायचा की पळायचा प्रयत्न नाही. न्यायालयानं त्याला कलम 84चा फायदा दिला. निकालाचा सगळा भार आजाराच्या नोंदी, घटनेच्या मागची-पुढची वागणूक आणि हेतूचा दुबळेपणा यांवर आहे.

कलम 84 आलं कुठून, तेही सांगतो, कारण तिथेच ही गोष्ट गोल फिरते. 20 जानेवारी 1843 रोजी लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन या ग्लासगोच्या लाकूडकाम करणाऱ्या कारागिरानं पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्या पाठीत गोळी घातली. पील समजून घातली, असं मानतात. ड्रमंड पाच दिवसांनी गेले. मॅकनॉटनचं म्हणणं, पील यांच्या टोरी पक्षाचे लोक जाईन तिथे माझ्या मागावर असतात, त्यांनी माझी झोप उडवली. ज्युरीनं त्याला वेडा म्हणून निर्दोष सोडलं, लोक चिडले, राणी चिडली, आणि उमरावांच्या सभागृहानं न्यायाधीशांकडून नियम स्पष्ट करून घेतले. त्यात असंही होतं: भ्रमात जे दिसतं ते खरं असतं तर कृत्य माफ झालं असतं का, हे पाहा. कोणी आपला जीव घेतोय या भ्रमात स्वसंरक्षण केलं तर माफी. कोणी आपली बदनामी केली या भ्रमात सूड घेतला तर शिक्षा. या कसोटीवर खुद्द मॅकनॉटन बहुधा सुटला नसता.

तो काळ चार्टिस्ट चळवळीचा. कामगार मताचा हक्क मागत होते, टोरी सरकार त्यांच्यावर पाळत ठेवत होतं. ग्लासगोतल्या एखाद्या कारागिराला 'टोरी माझ्या मागावर आहेत' असं वाटणं, ही तेव्हा अगदीच आभाळातून पडलेली कल्पना नव्हती. पुढे एका अभ्यासकानं असाही दावा केला, की हा माणूस वेडा नव्हताच, हे राजकीय कृत्य होतं. अटकेच्या वेळी त्याच्या खिशात बँकेची एक पावती सापडली होती. 750 पौंडांची.